उंदराच्या प्लीहेत फेरोपोर्टिन (पेशीतलं लोह बाहेर सोडणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या पद्धतीने, बघायला कुठली अँटिबॉडी घ्यावी? माझी पट्टी जेलच्या वरच अडकते

सशात तयार केलेली घ्या. उंदराची घेतलीत तर दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून पट्टी दिसवणारी) नमुन्यातल्या उंदराच्याच आयजीजीला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीला, चिकटते आणि ५० व २५ किलोडाल्टनला (प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) भलत्याच पट्ट्या उमटतात. प्लीहेत तर अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचा बाजारच भरलेला असतो.

पट्टी वर अडकते यात मात्र अँटिबॉडीचा दोष कमीच दिसतो. नमुना ९५ अंशांना उकळता ना? फेरोपोर्टिन हे पेशीच्या पटलातून अनेकदा आरपार गेलेलं प्रथिन. उकळलं की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि त्या जेलमध्ये शिरतच नाहीत. लोडिंग बफरमध्ये (जेलवर चढवण्याआधी नमुना ज्यात मिसळतात त्या द्रावणात) खोलीच्या तापमानाला, फार तर ३७ अंशांना अर्धा तास ठेवा. (आपल्या बेळगावच्या एप्रिलात त्यासाठी इनक्युबेटरही नको!) पट्टी साधारण ६० ते ७० किलोडाल्टनच्या दरम्यान यायला हवी.

तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. हेप्सिडिन हे यकृतातलं संप्रेरक फेरोपोर्टिनचा नाश घडवून आणतं, म्हणून हेप्सिडिन टोचलेल्या उंदराचा नमुना शेजारी चालवा. तिथे पट्टी फिकी पडली तर अँटिबॉडी कामाची.

आणि अँटिबॉडीची ऑर्डर सोमवारी निघेल अशीच द्या. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून शुक्रवारी सुटलेलं पार्सल इथे रविवारभर गोदामात पडून राहिलं, तर बर्फाचं पाणी झालेलं असतं.