तो कागद समजल्याशिवाय सही नको

नमस्कार ताई. जर्मनीतल्या तुमच्या सीरियन शेजाऱ्यांबद्दल लिहिलंत, आठ वर्षांच्या पोराने शाळेत सांगितलं की बाबांनी चपलेने मारलं, दुपारी यूगेंटआम्टची, म्हणजे तिथल्या सरकारी बालकल्याण ऑफिसची, माणसं त्याला घेऊन गेली आणि आईच्या हातात एक जर्मन कागद दिला, उद्या सही करून आणा म्हणून. वाचून पोटात कालवलं.

आधी तो कागद बघू. बहुतेक मुलाला त्यांच्या ताब्यात ठेवायला संमती देण्याचा असणार. आई-बापाने हो म्हटलं की प्रकरण कोर्टात जायचं कारणच उरत नाही, पण विरोध केला तर एसजीबी आठच्या (जर्मन सामाजिक कायद्याचा आठवा भाग) कलम 42 प्रमाणे मुलाला धोका नसेल तर ऑफिसला ते लगेच परत द्यावं लागतं, नाहीतर फॅमिली कोर्टात लगेच जावं लागतं. म्हणून सही थांबवा आणि "आमचा विरोध आहे" हे लेखी द्या, तारीख घालून, कॉपी ठेवून. तुम्ही म्हणता आई गप्पच बसली. अहो, तिच्या देशात सरकारी माणसासमोर गप्प बसलं तरच जीव वाचायचा, आणि इथे त्याच गप्प बसण्याचं फाईलमध्ये "सहकार्य नाही" असं होऊ शकतं.

तुम्ही सोबत जाऊ का विचारलंत, जाच. विश्वासातलं माणूस बरोबर न्यायचा हक्क त्याच कायद्याच्या दहाव्या भागाच्या, एसजीबी दहाच्या, कलम 13 मध्ये आहे. पण अरबी दुभाषा वेगळा मागा. अकरा वर्षांची मुलगी भाषांतर करत होती ना, ते आजच बंद करा, बापाने भावाला मारलं हे त्या पोरीच्या तोंडून वदवून घेऊ नका.

आता चपलेचं. जर्मनीत 2000 पासून मुलांना मारायला कायद्यानेच मनाई आहे, शिस्तीसाठी मारलं हे चालत नाही, आणि मारलंच नाही असं खोटं तर अजिबात सांगू नका. बापाने कबूल करावं आणि घरी येणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्याची मदत स्वतःहून मागावी, कारण दुसऱ्या मदतीने धोका टळत असेल तर मूल आई-बापापासून तोडता येत नाही.

फॅमिली लॉचा वकील उद्याच गाठा, पैसे नसतील तर कोर्टाकडून खर्चाची मदत मिळते. सुनावणी होऊन तातडीचा आदेश निघाला तर अपिलाला दोनच आठवडे असतात.

आणि भेटीची तारीख लेखी मागा. त्याच अर्जात लिहा की मुलगा डुकराचं मांस खात नाही आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपतो.