‘अर्धा पेन्स’ की ‘अर्धी पेनी’?

प्रश्न असा: आजोबांच्या डब्यात ब्रिटनचं 1971 सालचं इवलंसं नाणं सापडलं, त्यावर ‘½ न्यू पेनी’ लिहिलंय. मराठीत याला ‘अर्धा पेन्स’ म्हणायचं का? आणि हे ‘न्यू’ कशाला?

‘अर्धा पेन्स’ नको. पेन्स हे अनेकवचन, तेही रकमेचं. सुटी नाणी मोजताना इंग्रज ‘पेनीज’ म्हणतो. (‘वन पेन्स’ म्हणणारे तिथेही आहेत, आणि तिथल्या शुद्धलेखनवाल्यांना ते खुपतं. म्हणजे आपण एकटे नाही!) ‘अर्धी पेनी’ म्हणा. शेवटी ई आला की पेनीसुद्धा मराठीत आपसूक बाई होते, दिडकी-पावलीसारखी.

आता ‘न्यू’. 15 फेब्रुवारी 1971 ला पौंडाच्या 240 पेनींच्या जागी 100 झाल्या. म्हणजे अर्धी नवी पेनी बरोबर 1.2 जुन्या पेनींएवढी. शेजारी ठेवून पाहा: जुनी पेनी सुमारे 31 मिलिमीटर रुंद, हातात चांगली जड, ही अर्धी जेमतेम 17 मिलिमीटरची. किंमत मात्र हिचीच जास्त. गल्ल्यावरच्या माणसाचा घोटाळा होऊ नये म्हणून लावलेली पाटी म्हणजे ‘न्यू’. जुनं सहा पेन्सचं नाणं अडीच नव्या पेन्सच्या भावाने 1980 पर्यंत चाललं, तेव्हा हिशेबाला अर्धी लागायचीच. 1982 पासून पाटी उतरली, नाण्यावर नुसतं ‘हाफ पेनी’ आलं. 1984 संपता संपता नाणंच बाद झालं.

आपल्याकडे हेच आधी घडलं होतं. 1 एप्रिल 1957 ला ‘नया पैसा’ आला, त्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असं समजावूनही सांगितलं होतं. 1964 मध्ये ‘नया’ गळला. चार आणे आणि आठ आणे मात्र तोंडात राहिले, कारण 25 आणि 50 पैशांत ते चपखल बसत. एकटा आणा सव्वासहा पैशांचा, तो कुठे बसणार?

म्हणून 1971 ते 1981 च्या नाण्याला ‘अर्धी नवी पेनी’ लिहा. ‘अर्धा नवा पैसा’ नको, तसलं नाणं आपल्याकडे निघालंच नाही.

जाता जाता: जुन्या पेनीची खूण ‘पी’ नव्हे, ‘डी’ होती, रोमन ‘देनारिउस’वरून. संस्कृतातला ‘दीनार’ही तिथलाच.