मॉरिशससारख्या छोट्या देशाने गांजा कायदेशीर का करू नये? सरकारला नेमकी अडचण काय आहे?

तुम्ही विचारलंय की जेमतेम साडेबारा लाख वस्तीचं, पर्यटनावर जगणारं हे बेट. तिथे गांजा कायदेशीर केला तर सरकारला कर मिळेल, पोलिसांचा भार कमी होईल, मग घोडं अडलंय कुठे? मी 2010 ते 2018 अशी आठ वर्षं तिथे काढली. एका कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचो आणि वाकोआ गावात एका मराठी आजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. त्यामुळे पुस्तकी नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. थोडा गांजा जवळ सापडला म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवणं ताबडतोब बंद व्हायला हवं. पण परवाने देऊन दुकानं उघडायला मात्र माझा आज विरोध आहे. ज्या यंत्रणेला बंदी प्रामाणिकपणे राबवता आली नाही, परवानेही तीच यंत्रणा वाटणार आहे.

तिथे गांजाला 'गांदिया' लिहितात, पण क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशातल्या, माणसाच्या तोंडून तो उच्चार जवळजवळ आपल्या 'गांजा'सारखाच येतो. शब्द आपलाच आहे. 1834 पासून ऊसमळ्यांवर गिरमिटिया मजूर नेले गेले, त्यांत बिहारी, तमिळ, तेलुगू आणि कोकणातले आपले लोकही होते. दिवसभर ऊस तोडल्यावर चिलीम ओढणं त्यांना नवीन नव्हतं. इंग्रजांनी 1840 मध्येच तिथे बंदी घातली. म्हणजे ही बंदी काही अलीकडे अमेरिकेच्या दबावाने आलेली नाही, ती मळ्यावरच्या मजुराला शिस्त लावण्याच्या काळातली आहे. आजही पकडला जातो तो बहुतेक गरीब वस्तीतलाच पोरगा.

या विषयावर मॉरिशसमध्ये कुणाशीही बोला, पाच मिनिटांत 'काया'चं नाव निघतं. काया म्हणजे जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, राजधानी पोर्ट लुईजवळच्या रोश ब्वा या गरीब वस्तीतला गायक. तिथलं लोकसंगीत सेगा आणि जमैकाचं रेगे मिसळून त्याने 'सेगे' हा प्रकार लोकप्रिय केला. 16 फेब्रुवारी 1999 ला रोझ हिलमध्ये गांजा बाळगणं गुन्हा राहू नये या मागणीसाठी जाहीर मैफल झाली, तिथे तो गायला. नंतर गांजा ओढल्याबद्दल त्याला अटक झाली. 21 फेब्रुवारीला, रविवारी, पोर्ट लुईच्या पोलीस मुख्यालयातल्या कडक बंदोबस्ताच्या कोठडीत तो मेलेला सापडला. कवटीला मार होता. त्यानंतर चार दिवस बेट पेटलं होतं. रस्ते अडवले, पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले, माणसं मेली. बर्जेर आगात हा दुसरा सेगे गायक पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. कायाच्या मृत्यूबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही.

आमच्या आजी सांगायच्या की त्या दिवसांत त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, कारण प्रकरण क्रिओल विरुद्ध हिंदू असं वळण घेत होतं. "पण तो पोरगा गायचा छान," हेही त्या प्रत्येक वेळी सांगायच्या. पुढे पंधरा वर्षांनी तोच कायदा त्यांच्या स्वतःच्या घरात शिरला.

त्यांचा नातू तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मित्रांबरोबर समुद्रावर गेला होता, तिथे पोलिसांनी झडती घेतली. खिशात कागदाची एक पुडी, त्यात दोन-तीन विड्यांपुरता माल. तिथे 'प्रोव्हिजनल चार्ज' नावाचा प्रकार आहे: तपास पूर्ण होण्याआधीच पोलीस न्यायालयापुढे तात्पुरता आरोप ठेवतात. मग जामीन, ठरलेल्या दिवशी ठाण्यात हजेरी, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट. दोन वर्षं गेली. शेवटी दंड झाला, तो आजींनी भरला आणि घरच्यांना वाटलं, सुटलो. दंडाने विषय संपत नाही हे त्यांना नंतर कळलं.

मॉरिशसच्या तरुणाला बरी नोकरी हवी असेल तर चारित्र्याचा दाखला लागतो. पोराने हॉटेलचा कोर्स केला होता, क्रूझ जहाजावर जायची त्याची तयारी होती. तिथली कितीतरी घरं जहाजावरच्या पगारावर उभी राहिली आहेत. दाखला आला, त्यावर अमली पदार्थाच्या गुन्ह्याची नोंद. जहाज कंपनीने फॉर्म परत पाठवला. संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता, पासपोर्ट साइजचे दोन फोटो त्याला अजून टाचलेले. आजी फक्त म्हणाल्या, "की पू फेर?" म्हणजे, काय करणार? हा तिथला रोजचा उद्गार आहे. त्या दिवशी मात्र मला तो ऐकवला नाही.

तुम्ही करांचं विचारलंत, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं. या बंदीची किंमत सरकारी तिजोरी देत नाही, ती अशी घरं देतात.

आता सरकार कुठे चुकलं ते. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिमिक. 2013 च्या सुमारास हा नशेचा प्रकार बेटावर दिसू लागला. 'सिमिक' म्हणजे रासायनिक. परदेशातून पावडर छोट्या पार्सलांतून येते, ती ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवून चहाच्या नाहीतर कुठल्याही वाळक्या पानांवर फवारतात आणि विकतात. इकडे पोलीस हेलिकॉप्टरने डोंगर पालथे घालून गांजाची रोपं उपटत होते. गांजा दुर्मीळ झाला, महाग झाला. सिमिक मात्र शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत मिळायला लागलं. गांजाला वास येतो, तो जागा अडवतो, हेलिकॉप्टरमधून दिसतो. पावडर पाकिटात मावते. अशा वेळी विकणारा काय विकेल हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

सिमिक घेतलेला मुलगा मी पहिल्यांदा पाहिला तो वाकोआच्या बस स्टँडवर, सकाळी साडेसातला. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, कमरेत वाकलेला, एक हात खांबाला. डोळे उघडे होते, पण तो कुठे बघत होता ते कळत नव्हतं. बसेस येत-जात होत्या, तो जागचा हलला नाही. बायका त्याला वळसा घालून चढत होत्या. मी त्याला पाणी दिलं, त्याने बाटली धरली आणि तशीच धरून राहिला. गांजा ओढलेले लोक मी गावाकडे यात्रेत पाहिले होते. हे तसलं काही नव्हतं.

दुसरी चूक उपचारांची. हेरॉइनचं प्रमाण त्या बेटावर फार मोठं आहे. 2005 साली एचआयव्हीच्या नव्या रुग्णांपैकी दहात नऊ जण सुईने नशा करणारे होते. त्यानंतर सरकारने खरोखर चांगलं पाऊल उचललं होतं: 2006 पासून मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी द्यायचं औषध, आणि स्वच्छ सुयांचा कार्यक्रम. नव्या एचआयव्ही रुग्णांमधला सुईने नशा करणाऱ्यांचा वाटा खाली आला. आणि 2014 च्या अखेरीस सरकार बदलल्यावर, 2015 मध्ये, मेथाडोनवर नवे रुग्ण घेणंच थांबवलं. औषधवाटप आरोग्य केंद्रांतून पोलीस ठाण्यांच्या आवारात नेलं. पहाटेच्या पाळीला जाताना मला ती रांग दिसायची. तोंड फिरवून उभी असलेली माणसं, कारण समोरच्या रस्त्यावरून शेजारीपाजारी जात असायचे. ज्याला पोलिसांची भीती वाटते त्याला औषधासाठी पोलिसांच्याच दारात उभं करायचं, हे कुणाला सुचलं असेल? नवे रुग्ण घेणं काही वर्षांनी पुन्हा सुरू झालं, पण मधल्या काळात जे दारातूनच परत गेले त्यांचं काय?

तिसरी गोष्ट राजकारणाची. 31 डिसेंबर 1985 ला मॉरिशसच्या चार खासदारांना ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर हेरॉइनच्या सुटकेससह पकडलं होतं. त्यावर चौकशी आयोग बसला. तीस वर्षांनी, 2015 मध्ये, माजी न्यायाधीश पॉल लाम शांग लीन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला. जुलै 2018 मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा मी तिथेच होतो. एका मंत्र्याला आणि संसदेच्या उपसभापतींना राजीनामा द्यावा लागला. पोलिसांचं अमली पदार्थविरोधी पथकच बरखास्त करा, अशी शिफारस त्यात होती. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत सगळे वर्तमानपत्रावर वाकून वाचत होते. मी परत आलो तेव्हा ते पथक जिथल्या तिथे होतं. पुढे आणखी एक विशेष पथक निघालं, त्याच्यावर पुरावे पेरल्याचे आरोप झाले आणि 2024 च्या निवडणुकीत सत्ता पालटल्यावर ते मोडीत काढलं.

दुकानांचे परवाने इतक्यात नकोत असं मी म्हणतो ते यामुळे. जमैकाकडे बघा, तेही बेट, तिथेही गांजा 1845 पासून आपल्याच मजुरांबरोबर गेला. 2015 मध्ये त्यांनी दोन औंसांपर्यंत बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, फक्त किरकोळ दंड ठेवला. घरटी पाच रोपं लावायला मुभा दिली. गांजा पवित्र मानणाऱ्या रास्ताफारी पंथाच्या लोकांना धर्मकार्यासाठी सूट दिली. इथपर्यंत उत्तम. पण व्यापारी परवान्याची फी आणि अटी इतक्या भारी निघाल्या की पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात गांजा पिकवून तुरुंगात गेलेला छोटा शेतकरी बाहेरच राहिला आणि भांडवलवाले आत आले. मॉरिशसमध्ये तर ऊसजमिनीची मालकी आजही मोजक्या घराण्यांकडे आहे. तिथे परवाने कुणाला मिळतील याचा अंदाज तुम्हीच करा.

जमैकाची एक गोष्ट मात्र मॉरिशसने आजच्या आज उचलावी. त्यांनी कायदा सैल करायच्या आधी, 2014 मध्येच, किरकोळ गांजाच्या जुन्या नोंदी पुसून टाकण्याची तरतूद केली. आधी माणसं मोकळी केली, मग बाजाराचं बघितलं.

मॉरिशसने अगदी काहीच केलं नाही असं नाही. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. केमोथेरपीच्या उलट्या, औषधांना दाद न देणारी फेफरं अशा मोजक्या आजारांसाठी, तेही सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञाने लिहून दिलं आणि समितीने मान्य केलं तरच, गांजापासून बनलेलं औषध मिळू शकतं. नशा करणाऱ्याला कोर्टाऐवजी उपचारांकडे पाठवण्यासाठी एक मंडळही त्याच कायद्याने आणलं. दिशा बरोबर आहे. पण खिशात पुडी सापडली तर ती अजूनही गुन्हाच. त्याला मंडळाकडे पाठवायचं की कोर्टात उभं करायचं, हे पुन्हा वरचे साहेब ठरवणार. रोश ब्वाच्या पोराला आणि वकिलाच्या मुलाला सारखंच वागवलं जाईल यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. बाळगणं गुन्ह्यातून काढा, जुन्या नोंदी पुसा, मेथाडोन दवाखान्यात परत न्या आणि पोलिसांचं सगळं बळ सिमिकच्या पार्सलांमागे लावा. दुकानं आणि कर यांचं त्यानंतर, मॉरिशसच्या लोकांनीच बोलून ठरवावं.

गेल्या गणपतीत आजींचा फोन आला होता. तिकडचे आपले लोक गणपती नदीवर-समुद्रावर वाजतगाजत नेतात, त्याचा आवाज मागे येत होता. नातू हल्ली घरं रंगवायची कामं घेतो, लग्न झालंय, एक मुलगी आहे. मी दाखल्याचं विचारलं. आजी म्हणाल्या, पुन्हा अर्ज करायला तो तयारच होत नाही, त्या खिडकीशी जायचं म्हटलं की गप्प बसतो.