विश्वस्तांनी कॉलेजात कधी यावं, कुठं बसावं

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली. शिक्षण संस्थेच्या विश्वस्तांचं कॉलेजशी आणि आजूबाजूच्या वस्तीशी नातं कसं असावं, हा तो विषय. मी कोल्हापुरात ३१ वर्षं वाणिज्य शिकवलं. निवृत्तीनंतर एका छोट्या कॉलेजच्या विकास समितीवर आहे. विश्वस्तांपुढं उभी राहिले आहे आणि त्यांच्या शेजारी बसलेही आहे, म्हणून हा अंक या तीन पत्रांनाच देते.

प्रश्न : माझे सासरे आमच्या भागातल्या शिक्षण संस्थेचे विश्वस्त होते. ते गेल्यावर संस्थेनं त्यांच्या जागी मला घेतलं. माझं औषधांचं दुकान आहे, शिक्षणक्षेत्राशी तसा संबंध नाही. महिन्यातून दोनदा तरी कॉलेजात जावं असं वाटतं, पण प्राचार्य म्हणाले, "मॅडम, येण्याआधी फोन करत जा." बाकीचे विश्वस्त म्हणतात, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि गॅदरिंग एवढं पुरे. इकडं दुकानात रोज कुणीतरी ॲडमिशनसाठी चिठ्ठी मागतं. मी नक्की काय करावं?
– एक विश्वस्त, कळंबा

उत्तर : ताई, जरूर जा. आठवड्याला एकदा गेलात तरी जास्त नाही. पण प्राचार्यांनी फोन करायला सांगितलं याचा राग धरू नका. त्यांनी याआधी कसले विश्वस्त सोसलेत, ते तुम्हाला माहीत नाही.

मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. संस्थेचे एक विश्वस्त एका मुलाला घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. "बाई, हा आपला पोरगा. अंतर्गत गुणांचं जरा बघा." त्या मुलानं चाचणीच दिली नव्हती. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात माझा पहिला तास रोज सकाळी ७.२० ला आला, तोही मागच्या इमारतीत. माझा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. वर्षभर त्याला झोपेतच उचलून शेजारच्या काकूंकडं ठेवून मी कॉलेज गाठत होते. मला कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. पण तेव्हापासून त्यांची गाडी गेटात दिसली की स्टाफरूममधलं बोलणं बंद पडायचं. तुमच्या प्राचार्यांनी मागितलेल्या फोनमागं अशी एखादी गाडी असणार.

त्याच संस्थेत दुसरे एक विश्वस्त होते, गुळाचे अडते. मार्केट यार्डातले सौदे आटोपले की दर गुरुवारी दुपारी ते यायचे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये दोन मिनिटं डोकावून "आलोय" म्हणायचे आणि बाहेर सायकल स्टँडजवळ बदामाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसायचे. खिशात खत कंपनीची छोटी डायरी. पोरांना विचारायचे, "कुठलं गाव? कशानं येतोस? डबा आणतोस का?" पहिले काही गुरुवार पोरं लांबूनच जायची. पुढं पुढं कट्ट्यावर बसायला जागा मिळेना.

एकदा कळ्याकडची एक मुलगी त्यांच्याशी बोलताना मी बघितली. तिचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि रंकाळा स्टँडवरची तिची एसटी त्याआधीच निघून जायची. पुढची गाडी दीड तासानं. घरी पोचेपर्यंत अंधार. वडील म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर बंद कर. शेटजींनी डायरीत लिहिलं, "प्रॅक्टिकल. गाडी. कळे." त्यांनी तिथल्या तिथं लॅबमध्ये जाऊन कुणाला फर्मावलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारलं, की लांबच्या गावच्या मुलींची बॅच सकाळी घेता येईल का? विभागप्रमुख म्हणाले, लॅबचा शिपाई दहाच्या आत येत नाही. मग शिपाई का येत नाही, यावर अर्धा तास गेला. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, ही गोष्ट आम्हा शिक्षकांनासुद्धा ठाऊक नव्हती. शेवटी अकराची बॅच ठरली. ती मुलगी पुढं किती शिकली ते कळलं नाही, पण त्या मार्चमध्ये हॉल तिकीट घ्यायला आली तेव्हा खिडकीशी मीच होते.

माझं म्हणणं एवढंच आहे, ताई. कॉलेजात वरचेवर पाय ठेवा, पण हुकूम एकही देऊ नका. ऐकलेलं सगळं बैठकीत मांडा. नळ गळत असला तरी शिपायाला सांगू नका, टिपून घ्या आणि प्राचार्यांना सांगा. शिपायाला दोन मालक झाले की तो कुणाचंच ऐकत नाही.

यासाठी कायद्यानं सोय करून ठेवली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणं प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती लागते. व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष, आणि प्राचार्य सदस्य-सचिव. शिवाय संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, आणि बाहेरचे चार स्थानिक सदस्य. या चौघांत किमान एक जण माजी विद्यार्थी हवा. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्याच लागतात. अंदाजपत्रक, विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सोयी, सुरक्षितता, वार्षिक कार्यक्रम हे सगळं तिथं येतं. तुम्ही स्वतः समितीवर नसाल तर तुमची टिपणं सचिवांकडं लेखी द्या. आणि गेल्या वर्षभराची इतिवृत्तं वाचायला मागा. बऱ्याच ठिकाणी चार बैठकांच्या सह्या एका दिवसात होतात. तुमच्याकडं तसं असेल तर पहिलं काम ते बंद करणं.

एक कागदाचं बघा. सासऱ्यांच्या जागी तुमचं नाव लागल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखल झाला का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणं ९० दिवसांची मुदत असते. उशीर झाला असेल तर तो माफ करून घेता येतो, पण तो कागद पक्का करून घ्याच.

आता चिठ्ठ्यांचं. पहिल्या माणसाला दिलेल्या पहिल्या चिठ्ठीनं तुमची विश्वस्त म्हणून असलेली पत संपते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मी समजू शकते. पण नाही म्हणताना दुसरं काहीतरी द्या. गुणवत्ता यादी कधी लागते, कुठल्या फेरीला काय कागद लागतात, हे दुकानात लावून ठेवा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आमच्याकडची पोरं दरवर्षी उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतात. एकाच्या वडिलांचं नाव आधारवर वेगळं, दुसऱ्याचा दाखला गेल्या वर्षीचा, तिसऱ्याचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही. मुदत निघून गेली की पूर्ण फी बापाच्या डोक्यावर बसते. तुम्ही विश्वस्त म्हणून तलाठ्यांना आणि सेवा केंद्रवाल्याला विनंती करून जूनमध्ये दोन दिवस कॉलेजातच बसवलंत तर शंभर चिठ्ठ्यांपेक्षा मोठं काम होईल. आणि तुमच्या काउंटरवर जे ऐकू येतं ते कुठल्याच प्राचार्यांना ऐकू येत नाही. कुणाच्या घरात आजार आहे, कुणाचं पोरगं कॉलेजला म्हणून निघतं आणि पोचत नाही, हे औषधवाल्या बाईला आधी कळतं.

आपल्याकडच्या पेठांत तालमीचा जुना कार्यकर्ता बघा. गल्लीतला कुठला पोरगा काय करतो, कुणाच्या घरात मयत झाली, कुणाला रक्त हवंय, त्याला सांगावं लागत नाही, कारण तो रोज संध्याकाळी तिथं बसलेला असतो. विश्वस्त तसा असावा असं मला फार वाटतं. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर खेड्यात असतं, तिथं एक रात्र मुक्कामाला जा. पोरींबरोबर भाकरी थापायला बसा. उद्घाटनाचा नारळ दुसऱ्या कुणाला फोडू दे.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. आमच्या कॉलेजच्या किल्ल्या ज्या कर्मचाऱ्याकडं होत्या तो स्वतःच पाण्यापलीकडं अडकला होता. रात्री साडेदहाला एक विश्वस्त बाई गुडघ्यापर्यंत ओल्या साडीत, जोडकिल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. बॅटरी तोंडात धरून त्यांनी तळमजल्याच्या खोल्या उघडल्या, कारण दोन्ही हात कुलपात गुंतलेले. बाकं जोडून आम्ही झोपायची सोय केली. सायकल स्टँडमध्ये चार म्हशी बांधल्या. कुठली खोली कोरडी, कुठल्या नळाला टाकीचं पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कुठली नीट लागते, हे त्यांना अंधारात माहीत होतं. फक्त गॅदरिंगला येणाऱ्या माणसाला हे माहीत झालं नसतं.

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजचे विश्वस्त म्हणे लोक मतदान करून निवडतात. हे खरं का? आपल्याकडं का नाही?
– एक सेवानिवृत्त कर्मचारी, राजारामपुरी

उत्तर : खरं आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळचं, कमी फीचं, दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आणि ती चालवणारे ७३ कॉलेज-जिल्हे आहेत. विश्वस्त त्या भागातले मतदार चार वर्षांसाठी निवडतात. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, बैठकीत कुणाही नागरिकाला उठून बोलता येतं, आणि मंडळावर विद्यार्थ्यांमधून आलेला एक विश्वस्त असतो. सगळ्या राज्यांत असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये बहुतेक विश्वस्त गव्हर्नर नेमतात.

आपल्या संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात, त्यामुळं विश्वस्त न्यासाच्या घटनेप्रमाणं येतात. लोकांनी निवडणं त्यात बसत नाही. पण अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज शिकागोजवळच्या जोलिएटला १९०१ साली निघालं, आणि त्याच १९०१ साली शाहू महाराजांच्या पाठबळानं कोल्हापुरात मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झाली. पुढं एकेका समाजाची वसतिगृहं निघत गेली. महाराजांनी जागा दिल्या, मदत दिली, आणि चालवायची जबाबदारी त्या त्या समाजातल्या माणसांवर टाकली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर त्याला आपली माणसं भेटावीत, ही ती सोय होती. तेव्हा लोकांचं कॉलेजवर लक्ष असणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. बैठकीची विषयपत्रिका आधी फलकावर लावायला तर कुठलाच कायदा आडवा येत नाही. मी आमच्या समितीत हे मांडलंय आणि मान्य होईपर्यंत मांडणार आहे.

प्रश्न : आमच्या घरामागं एका कॉलेजचं मोठं मैदान आहे. पूर्वी सकाळी म्हातारी माणसं फिरायची, संध्याकाळी पोरं खेळायची. आता गेटला कुलूप. पण लग्नं आणि प्रदर्शनं मात्र चालतात. रात्री स्पीकर, सकाळी पत्रावळ्या. आम्ही तक्रार कुणाकडं करायची?
– रहिवासी, मंगळवार पेठ

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. संस्थेची बाजूही थोडी सांगते. पगाराव्यतिरिक्तचा खर्च भागवायला मैदानाचं भाडं हेच बऱ्याच संस्थांचं उत्पन्न असतं, आणि मोकळ्या गेटातून रात्री बाटल्या येतात हेही खरं आहे. पण न्यासाची जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, वर सांगितलेल्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६. तुमच्या मैदानावर कायमचा ठेकेदार बसवला असेल तर हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तक्रारीपासून मात्र सुरुवात करू नका. गल्लीतल्या वीसएक घरांच्या सह्यांचा एक अर्ज प्राचार्यांच्या नावे करा, प्रत संस्थेच्या सचिवांना. मागणी नेमकी ठेवा : सकाळी साडेपाच ते सात फिरायला, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात पोरांना. बदल्यात कुलूप उघडायची आणि लावायची जबाबदारी गल्लीतले दोघे जण घेतील, असं लिहा आणि त्यांचे फोन नंबर द्या. विकास समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी शेवटची ओळ हवीच. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच घरी ठेवा. विश्वस्तांपैकी कुणी तुमच्या पेठेत राहत असेल तर त्यांना एकदा सकाळी सहाला त्या गेटाशी बोलवा, म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेनं गाड्या चुकवत चालतात ते दिसू दे.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर अर्जाची प्रत मला पाठवा.