किसातला केस

जुलै लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झालेले असतात, पालकांच्या ग्रुपवर पावसाळ्याचे उपक्रम आलेले असतात. मातीत हात घाला, ओल्या पानांचे ठसे काढा, चिखलाचे गोळे करा. आणि समोर बसलेली आई म्हणते, "ताई, बाकीच्या मुलांचे फोटो येतात. आमचा तर हातच लावत नाही. हा शिकणार कसा?"

इंदूरमध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबरोबर काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. प्रश्न तोच आहे. पूर्वी फोटो येत नव्हते, एवढाच फरक.

एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला मनू म्हणू. ओळख पटू नये म्हणून आणखीही काही तपशील बदलले आहेत. वय आठ, स्वमग्न, बोलणं दोन-तीन शब्दांचं. रामबागेकडचं मराठी घर, आई-बाबा आणि आजी. आई मोठी नेटाची. वर्षभरात त्यांनी काय काय केलं नव्हतं! उन्हाळ्यात बर्फात गोठवलेली खेळणी, पावसाळ्यात ट्रेमध्ये काळी माती, थंडीत दाढीचा फेस, होळीच्या सुमारास फुलांच्या पाकळ्या. दर वेळी मनू एक बोट टेकवायचा आणि नळाकडे पळायचा. एकदा आईंनी त्याचं मनगट धरून हात मातीत दाबला. त्यानंतर तो त्या टेबलापाशीच फिरकेना.

"लाडावलाय, दुसरं काही नाही," आजींनी निकाल दिला.

"आजी, मानेवरून झुरळ गेलं तर तुम्ही काय कराल?"

"ईऽ! झटकून टाकीन की."

"त्याला ओली माती तशी लागत असेल तर?"

आजी काही बोलल्या नाहीत, पण 'लाड' हा शब्द पुन्हा आला नाही. स्पर्श, आवाज, वास कुणाला फार जास्त जाणवणं किंवा फार कमी जाणवणं, हे स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३ साली घेतलं. आयांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. अशा बऱ्याच मुलांना घट्ट दाब चालतो. हलका, चिकट, अचानक झालेला स्पर्श चालत नाही.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, "ट्रेमधल्या मातीचं नंतर काय करता?"

"काय करणार? टाकून देते."

"आणि फेस?"

"तोही."

"मग त्यानं हात घालायचा कशासाठी?"

त्या गप्प झाल्या. खरं सांगायचं तर मीही झाले. प्रश्न ठरवून विचारला नव्हता, तोंडातून निघून गेला होता. इतकी वर्षं मी मुलांच्या हाताला काय लागतं तेच बघत आले होते. हात तिथे कशासाठी जाईल, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. मोठी माणसंसुद्धा उगाच कणकेत हात घालत नाहीत. पोळ्या करायच्या असतात म्हणून घालतात.

मग विचारलं, "घरात आपणहून कशाला हात लावतो?"

"कशालाच नाही," आई म्हणाल्या.

"असं कसं?" आजी मध्येच. "भाजीची थैली उचलतो की! पाच किलोची असली तरी. मी नको नको म्हणते, तरी ओढून घेतो."

ज्यांना या विषयाची आवड आहे त्यांच्यासाठी सांगते, माझे गुरू दोन. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या. इंद्रियांकडून आलेली माहिती मेंदू कशी जुळवतो आणि त्याचा शिकण्याशी काय संबंध, यावर त्यांचं पुस्तक १९७२ साली आलं. दुसऱ्या मॉन्टेसरीबाई. त्यांच्या पद्धतीत मूल खोटा-खोटा झाडू फिरवत नाही, खरा केर काढतं. आजींनी दोघींपैकी कुणाचंही नाव ऐकलेलं नव्हतं, पण उत्तर त्यांच्या थैलीतच होतं. वजन उचललं, ओढलं, ढकललं की पुष्कळ मुलं शांत होतात. मनूनं ते स्वतःच शोधून काढलं होतं.

भुट्ट्यांचे, म्हणजे मक्याच्या कणसांचे दिवस होते. इंदूरकडे कणीस किसून त्याचा कीस करतात. ठरलं असं की दर रविवारी आजी आणि मनू ठेल्यावरून भुट्टे आणतील, थैली मनूच्या हातात. घरी आल्यावर तो टरफलं ओढून काढेल. ते काम जोराचं, कोरडं, आणि टरकन् आवाजाचं. चिकट केस आजी काढतील, कीस आई किसेल. ट्रे नाही, ॲप्रन नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि "हा रंग कोणता, हे किती झाले" असलं काही विचारायचं नाही. ही शेवटची अट आईंना सगळ्यांत जड गेली.

दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी जेवताना मनूच्या तोंडात भुट्ट्याचा एक केस आला. त्यानं घास बाहेर काढला, चिमटीत तो केस धरला आणि बराच वेळ बघत राहिला. ताट तसंच टाकून उठला. आईंचा मला फोन, आवाज रडवेला, "ताई, आता कीसही गेला."

मी म्हटलं, एक रविवार थांबा. (मलाही खात्री नव्हती. आता सांगायला हरकत नाही.)

चौथ्या रविवारी टरफलं काढून झाल्यावर मनू उठला नाही. आजींच्या हातातला भुट्टा त्यानं ओढून घेतला आणि दाण्यांच्या ओळींमधले केस एकेक करून उपटायला लागला. ओले, चिकट, बोटांना गुंडाळणारे केस. मध्येच थांबायचा, बोटं बाजूच्या ओल्या फडक्याला पुसायचा, पुन्हा सुरू. आई मोबाइल आणायला वळल्या तर आजींनी त्यांचा पदर धरून खाली बसवलं. सहा भुट्टे झाले. मग तो म्हणाला, "केस नको."

"किसात केस नको रे बाबा," आजी म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

त्या रविवारचा फोटो कुणाकडेच नाही. मी बावीस वर्षांत जमवलेल्या प्रशस्तिपत्रांहून मला तो न काढलेला फोटो जास्त प्रिय आहे, हा माझा स्वभावदोष समजा.

तेव्हा "हातच लावत नाही" म्हणणाऱ्यांना मी आता विचारते, या ऋतूत तुमच्या स्वयंपाकघरात खरोखर काय चाललंय? त्यातलं एक टोक मुलाला द्या, आधी जोराचं आणि कोरडं. चिकटाला हातात चमचा, झारा, चिमटा काहीही असू द्या, आणि ओलं फडकं नेहमी जवळ. काम कुठे संपतं ते त्याला दिसलं पाहिजे, हे टोपलं रिकामं झालं की संपलं. दहा मिनिटं झाली तरी पुष्कळ. थंडीत मटार सोलणं हा तर माझा लाडका उपाय, शेंग फुटल्याचा आवाज बोटांनाही कळतो. पण मूल नाकात दाणे घालत असेल किंवा काहीही तोंडात टाकत असेल तर मटार नको. मग तीळ भाजताना नुसतं शेजारी उभं राहून तडतड ऐकू दे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत गच्चीवर पापड पसरायचे, संध्याकाळी उलटायचे, तेही एका हातानं चालतं. ऋतू पुढच्या वर्षी परत येतो, म्हणून एकाच पावसाळ्यात सगळं उरकायची घाई नको. आणि थंडीत मूल चिडचिडं झालं तर आधी स्वेटरची गळ्याजवळची लेबलं कापून बघा, उपक्रमांचं नंतर.

माझीही एक चूक सांगते. यश डोक्यात गेलं आणि डिसेंबरात मी गराडू हा कंद सोलायचं सुचवलं. इंदूरची थंडी आणि गराडू! पण कच्चं गराडू कोनफळासारखंच, सोलताना हाताला खाज सुटते. आई-आजी हाताला तेल लावून सोलतात, मी ते विसरले. मनूचे हात खाजले आणि पंधरा दिवस तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. भरवसा परत मिळवायला तिळाचे लाडू लागले.

आणि अशा कामांनी स्वमग्नता 'जाते' असं सांगून कुणी महागडं पॅकेज विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा. इंद्रियांवर आधारित उपचारांबद्दलचं संशोधन अपुरं आहे, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ सालीच म्हटलं होतं. मनूची स्वमग्नता कुठेही गेलेली नाही. हात तो अजूनही पाच मिनिटं धुतो. फक्त आता काम संपल्यावर धुतो.

रंगपंचमीच्या आधी त्याचे बाबा पहिल्यांदाच एकटे आले. "ताई, आता बराच सुधारलाय. या वर्षी गेरला नेऊ का? राजवाड्यापर्यंत नाही, लांबूनच."

गेर म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, टँकरचे फवारे, ढोल, डीजे आणि मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. मी नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. लहानपणी ते स्वतः वडिलांच्या खांद्यावर बसून गेरला जायचे.

त्या वर्षी त्यांनी टेसूची, म्हणजे पळसाची फुलं आणली. मनूनं ती रात्री बादलीत टाकली, सकाळी पळीनं ढवळली आणि बादली दोन्ही हातांनी गच्चीवर नेली. एक मग भरून त्यानं बाबांच्या पाठीवर ओतला आणि लगेच चार पावलं मागे सरला. बाबा हलले नाहीत. मग दुसरा ओतला.

तो शर्ट बाबांनी बरेच दिवस धुवायला टाकला नाही, असं आई सांगत होत्या. टेसूचा रंग तो केवढा, दोन धुण्यांत जातो.