वाचक विचारतात: मोठे टायर हवेत, पण फेंडरच्या आत

प्रश्न: माझी थार आहे, 18 इंची अलॉयवाली. काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे, पावसाळ्यात शेवटचा तुकडा निव्वळ काळी माती, गाडी बसतेच. पोरगा म्हणून राह्यला का 285 चे (मिमी रुंदीचे) टायर टाकू अन् स्पेसर (चाक बाहेर सरकवायला त्याच्यामागे लावायची चकती) लावू, म्हणजे गाडी चौडी दिसते. टायरवाला म्हणते सगळेच टाकतात, काही होत नाही. पण एका मित्राला टायर बॉडीच्या बाहेर दिसले म्हणून चौकात थांबवलं होतं. मोठे टायर टाकायचे पण फेंडरच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) आतच राहतील, असं जमते का?
— एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर: जमते ना भाऊ, फक्त पोराला आधी स्पेसर विसरायला सांगा. लोक टायरच्या उंचीला घाबरतात, पण टायर फेंडरच्या बाहेर येतो तो रुंदीमुळे, अन् त्याहून जास्त रिमच्या ऑफसेटमुळे (रिम गाडीला बसते ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते) नाहीतर स्पेसरमुळे. हिशोब बघा, तुमचा कंपनीचा टायर 255/65 आर 18 (255 म्हणजे मिमीत रुंदी, 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, 18 म्हणजे इंचात रिम). त्याच रिमवर 285 टाकला तर 30 मिमी रुंदी वाढली, त्यातली निम्मी आत अन् निम्मी बाहेर, म्हणजे बाहेर फक्त 15 मिमी, पण त्यावर 25 चा स्पेसर चढवला की झाले 40 मिमी, आता चाक फेंडरच्या बाहेर डोकावणार नाही तर काय. कमी ऑफसेटच्या आफ्टरमार्केट रिमचं पण तेच, ईटी 35 (म्हणजे 35 मिमी ऑफसेट) च्या जागी ईटी 0 घेतला की चाक सरळ 35 मिमी बाहेर.

मी तुमच्या जागी असतो तर रुंदी तीच ठेवून उंची वाढवली असती. 255/70 आर 18 ची उंची येते साधारण 814 मिमी, तुमचा आत्ताचा आहे 789 च्या आसपास. अन् गंमत म्हणजे 275/65 आर 18 पण 814 च्याच घरात जातो, म्हणजे उंची सारखीच मिळून रुंदीचे 20 मिमी उगाच वाढतात. जमिनीपासूनचं अंतर दोन्हीत 12-13 मिमीच वाढेल (फरकाच्या निम्मं), त्यामुळे निव्वळ क्लिअरन्ससाठी खर्च करत असाल तर एकदा विचार करा. तुमच्या काळ्या मातीत साइजपेक्षा ट्रेड (टायरवरची नक्षी) मोठा विषय आहे, बारीक खाचांमध्ये ती माती अशी भरते की टायर गुळगुळीत होऊन जाते, तिथे मोकळ्या गाळ्यांचा टायर पाहिजे, अन् हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवली तर फरक लगेच कळतो. फक्त डांबरावर यायच्या आधी परत भरा, पंप गाडीतच ठेवा.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणते की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी आरसीचा तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर 182अ (4) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यामुळे सगळ्यात निवांत साइज म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलला दिलेली, थारला 16 इंची रिमवर 245/75 पण कंपनीनेच दिला होता. 255/70 त्यात नाही, हे डोक्यात ठेवूनच घ्या, अन् इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कागद शोधत बसतात.

पोरगा अमेरिकेतले व्हिडिओ बघत असेल, तिथे फेंडरचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते आपल्याला लागत नाहीत. मोजायला मात्र युरोपातली पद्धत मला सोपी वाटते: चाकाच्या मध्यापासून उभी रेघ धरा, पुढे 30 अंश अन् मागे 50 अंश, एवढ्या भागात फेंडरने टायरची पूर्ण रुंदी झाकली पाहिजे. घरी करायचं असेल तर फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा, दोरी टायरला टेकली की समजा टायर बाहेर आहे. मागचा कोन जास्त का, तर गोटे अन् चिखल मागेच उडतात, अन् आपल्या इथे मागे कायम कोणीतरी स्कूटीवर असते. घासते म्हणून फेंडर कापायला सांगणारे मेकॅनिक पण भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे निघा. कापलं की तेच झाकण कमी झालं ना.

अन् हो, टायर चार नाही, पाच घ्या. फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या उंचीचं चालत नाही, स्टेपनी पण तीच पाहिजे.

प्रश्न: आमच्या गाडीचे टायर थोडे बाहेर येतात, यांचं म्हणणं रुंद फ्लेअर (फेंडरच्या कडेवर बसवायच्या पट्ट्या) लावले की प्रश्न संपला. खरंच संपतो का?
— एक वाचक, मनीष नगर

उत्तर: ताई, चिखल-गोट्यांचा प्रश्न संपतो, म्हणजे उघड्या टायरपेक्षा बरंच. पण गाडीची रुंदी वाढवणं हाच एक बदल आहे, वरचं कलम 52 त्यालाही विचारू शकतं. स्पेसर असेल तर आधी तो काढून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच टायर आत जातो अन् फ्लेअरचे पैसे वाचतात.

प्रश्न: 285/65 आर 18 टाकल्यावर समृद्धीवर मीटर चुकेल का?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर: चुकेल, जवळपास 5 टक्के. मीटर 115 दाखवेल तेव्हा चाकाच्या हिशोबाने 120 झालेले असतात, अन् तिथे कारची मर्यादाच 120 आहे. कंपनीचं मीटर मुळात थोडं जास्त दाखवते म्हणून एवढा फरक कदाचित पडणार नाही, तरी एकदा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. नवीन टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलते त्याचा आकडा) अन् स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालते ते) दाराजवळच्या स्टिकरपेक्षा कमी नको, उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर काय तापतात ते तुम्हाला माहीतच आहे.