लोणच्याला बुरशी येते ती कुठून

बहुतेक वेळा पाण्यातून. कैऱ्या धुऊन फडक्याने खडखडीत कोरड्या करा, मगच फोडा. बरणी आणि चमचाही कोरडाच हवा. 1 किलो फोडींना 150 ते 200 ग्रॅम मीठ घाला, त्याखाली जाऊ नका. मीठ पाणी धरून ठेवतं, जंतूंना वाढायला ते उरत नाही. कमी मिठाचं हवंच असेल, तर थोडंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करा, फोडींवर बोटाच्या पेराएवढं राहील इतकं ओता. बुरशीला हवा लागते, म्हणून तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीवरच पहिला पांढरा ठिपका दिसतो. फोडी तेल पितात. तीन-चार दिवसांनी पातळी बघून वरून घाला. केसाळ बुरशी आली तर वरचा थर काढून बाकीचं वाचवत बसू नका.

लसणाचं मात्र वेगळं. कैरी आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या बराच खाली, त्यामुळे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू तिथे वाढत नाही. नुसता लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला, की ना आंबटपणा ना हवा. त्या जंतूला हवं ते आयतंच मिळतं. विष तयार झालं तरी वासावरून कळेलच असं नाही. असं तेल फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचं.